एफडी बायकोच्या नावावर, व्याज नवऱ्याच्या हिशेबात

प्रश्न : मी खासगी कंपनीत आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये पगार १२ लाख ३० हजार झाला. नवी करप्रणाली घेतली आहे. पत्नीला शिकवण्यांतून वर्षाला २ लाख ४० हजार मिळतात. माझ्या पीएफचे आलेले ८ लाख मी तिच्या नावावर एफडीत ठेवले. त्यावर ५६ हजार व्याज मिळाले आणि बँकेने ५,६०० रुपये टीडीएस कापला. एक मित्र म्हणतो, दोघांचं उत्पन्न मिळून कर लागेल. दुसरा म्हणतो, व्याज वहिनींच्या रिटर्नमध्ये दाखव, टीडीएस परत येईल. नेमका कर किती?

उत्तर : पहिल्या मित्राचं काढून टाका. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतंच. दोघांचा पॅन वेगळा, हिशेब वेगळा. शिकवण्यांचे २ लाख ४० हजार पत्नीचेच, आणि ते ४ लाखांच्या आत असल्याने तिला कर नाही.

दुसऱ्या मित्राचा सल्ला मात्र गोड वाटला तरी घेऊ नका. पत्नीला पैसे दिल्याबद्दल कर नाही, तिलाही नाही आणि तुम्हालाही नाही. पण मोबदला न घेता दिलेल्या त्या पैशावरचं उत्पन्न आयकर कायदा, १९६१च्या कलम ६४ नुसार तुमच्याच उत्पन्नात धरतात. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, पण तुमचा प्रश्न आधीच्या वर्षाचा.) हीच एफडी तिने शिकवण्यांच्या कमाईतून केली असती, तर व्याज तिचं ठरलं असतं.

आता हिशेब. पगारातून प्रमाणित वजावट ७५ हजार गेली की ११,५५,००० राहतात. कंपनीला एवढंच दिसतं, म्हणून तिने टीडीएस कापला नसेल. त्यात ५६ हजार मिळवा : १२,११,०००. कर शून्यावर आणणारी कलम ८७अ ची सूट १२ लाखांपर्यंतच, म्हणजे ११ हजारांनी तुमची ती हुकली. स्लॅबप्रमाणे कर होतो ६१,६५०. घाबरू नका, १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही अशी सवलत आहे, तिलाच मार्जिनल रिलीफ म्हणतात. म्हणून कर ११,०००, त्यावर ४ टक्के उपकर ४४०, एकूण ११,४४०. कापलेले ५,६०० वजा जाता भरायचे राहतात ५,८४०. ही रक्कम १० हजारांच्या आत असल्याने आगाऊ कर न भरल्याचं व्याजही लागणार नाही. जुन्या प्रणालीकडे वळू नका. ८०सी ची (पीएफ, विमा वगैरे गुंतवणुकीची) दीड लाखाची वजावट पूर्ण धरली तरी तिथे तुमचा कर लाखाच्या वर जातो.

अडचण एकच : टीडीएस पत्नीच्या पॅनवर आहे. हे व्याज पतीच्या उत्पन्नात धरलं जातं, तेव्हा टीडीएसचं श्रेय त्याच्या पॅनवर द्यावं, असं लेखी निवेदन तिने बँकेला द्यावं आणि पोच घ्यावी. दुसऱ्याच्या नावावरचा टीडीएस मागायचा असल्याने तुम्हाला आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरा; मुदत ३१ जुलै. व्याज पत्नीच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतंच आहे, ते ‘विसरलो’ असं नंतर सांगता येत नाही.

टीडीएस कापू नये म्हणून पत्नीकडून १५जी सारखा फॉर्म भरून घ्यायचा मोह पुढच्या वर्षी होईल. तिचं उत्पन्न कमी असल्याने बँक तो घेईलही. पण व्याज कायद्याने तिचं नाही, आणि खोट्या घोषणेवर खटला भरण्याची तरतूद आहे. सही तिची असेल, हे लक्षात ठेवा.

त्यापेक्षा कंपनीला विचारा, पगाराची रचना बदलून काही भाग कंपनीचं योगदान म्हणून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) टाकता येईल का. ती वजावट नव्या प्रणालीतही मिळते आणि तुम्हाला ११-१२ हजारच खाली यायचं आहे. एफडीची मुदत संपली की पत्नीच्या नावाने पीपीएफ उघडून वर्षाला दीड लाखापर्यंत तिकडे वळवा, ते व्याज करमुक्तच आहे. एफडीचं आलेलं व्याज तिने पुन्हा गुंतवलं, तर त्या व्याजावरचं व्याज तिचं. म्हणून ते वेगळ्या खात्यात ठेवायला सांगा.