दारू घरीच एकदम बंद केली तर मेंदूत काय होतं? पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

वडील सोडायला तयार झालेत, म्हणून उद्यापासून बाटली घरात आणायचीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. रोज पिणाऱ्या माणसाची दारू डॉक्टरला न विचारता अशी तोडू नका. आमच्या घरात हे झालंय.

माझा दादा शिरोली एमआयडीसीत लेथवर आहे. बारा वर्षं रोज प्यायचा, शेवटी शेवटी सकाळीसुद्धा. थोरल्या काकांनी एका रविवारी त्याला जोतिबावर नेऊन शपथ घालायला लावली. सोमवारी हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडायचा. घाम, झोप नाही. काका म्हणाले, "मनात आणलं की सुटतंय. नाटकं करतंय ते." बुधवारी रात्री दादा अंथरुणात उठून बसला आणि हवेतच लेथचं हँडल फिरवायला लागला, नजर बोटांवर रोखून. मला म्हणाला, "व्हर्निअर दे, माप बघू दे." मी रिकामा हात पुढं केला. त्यानं त्यातून काहीतरी उचललं आणि डोळ्याजवळ नेऊन बघितलं. अंग तापानं भाजत होतं. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, काका देवऋषी आणायला निघाले. मी शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं.

अशा अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत उपचार नाही झाले तर माणूस जातो. गाबा हे मेंदूला शांत करणारं रसायन, ग्लुटामेट चेतवणारं. दारू पहिल्याचं बळ वाढवते, दुसऱ्याला दाबते. हे वर्षानुवर्षं चाललं की मेंदू तोल सांभाळायला गाबाला दाद देईनासा होतो आणि ग्लुटामेटला जास्त दाद देतो. मग दारू अचानक गेली की शांत करणारं पुरत नाही, चेतवणारं मोकाट सुटतं. फिट बहुधा पहिल्या 48 तासांत येते, भ्रम 48 ते 96 तासांत. लोराझेपामसारखी औषधं गाबाचंच काम सावरतात, ती पुढं हळूहळू कमी करतात. शिवाय थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, टोचतात.

दादानं त्याआधी तीनदा अशीच सोडून परत धरली होती. काका त्यावरून त्याला टोचायचे. पण एकदम सोडणं आणि परत धरणं असं वारंवार झालं, की पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो. त्यात मनाच्या कमकुवतपणाचा काय संबंध?

सगळ्यांनाच इतकं होत नाही, बऱ्याच जणांचं थरथर आणि घामावर निभावतं. पण कुणाला होईल ते घरात बसून कळत नाही. आधी कधी फिट आली असेल तर आधीच दाखल करा. लोराझेपामसारख्या गोळ्या मात्र मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका, दारूवर त्या घेतल्या तर श्वास मंदावतो.

दिवसांचं म्हणाल तर तीव्र त्रास साधारण आठवड्यात ओसरतो, झोपेचा त्रास आणि चिडचिड महिनोन् महिने रेंगाळते. दादा आता कामावर जातो. काकांना गेल्या दिवाळीत मी हे सगळं परत समजावलं, तर ते ताटावरून उठले. दादा मान खाली घालून करंजी मोडत बसला होता. नाटक म्हटल्याबद्दल त्याची एकदा माफी मागा, असं मी काकांना अजून सांगतोय.