मधली जागा कुणाची?

"ताई, बाळाच्या नावापुढे मधलं नाव कुणाचं लावायचं?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरीच माणसं येतात. कधी घटस्फोट झालेला असतो, कधी लग्नच झालेलं नसतं, कधी दोन्ही घरांत मानापमान चालू असतात. आज जिच्याबद्दल लिहिते आहे ती सत्तावीस वर्षांची. सातवा महिना चालू असताना तिचा नवरा अपघातात गेला. बाळ पाच आठवड्यांचं झालं तेव्हा ती माझ्याकडे आली. तिच्या परवानगीने लिहिते आहे, पण ओळख पटू नये म्हणून नावाच्या या गोष्टीत घरातल्या कुणाचंच नाव देत नाही.

घरात तीन मतं होती. सासूबाई म्हणत होत्या, माझा मुलगाच परत आलाय, बाळाचं नाव त्याचंच ठेवायचं. तिची आई म्हणत होती, वय काय आहे तुझं, उद्या दुसरं लग्न ठरलं तर कागदांची भानगड नको, वडिलांच्या जागी काही लिहूच नकोस, मधे फक्त तुझं नाव लाव. आणि दीर, अगदी चांगल्या मनाने, म्हणत होते की शाळेत, दवाखान्यात पुढे मीच उभा राहणार आहे, तर माझं नाव लावा.

"आणि तुला काय वाटतं?"

ती बराच वेळ दुपट्याच्या कोपऱ्याला पीळ घालत बसली. "मला कुणी विचारलंच नाही. त्यामुळे मीही विचार केला नाही."

बारसं येत्या रविवारी ठरलं होतं. नाव लगेच दिलं नाही तर जन्मदाखलाच मिळत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ही भीती मी आधी काढली. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, आणि ती रुग्णालयातून झालेली होती. नावाचा रकाना मात्र रिकामा ठेवता येतो. बाळाचं नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत सोय आहे. म्हणजे घाई कागदाला नव्हती, माणसांना होती. बारसं तीन आठवडे पुढे ढकलायचं ठरलं आणि तिचे खांदे जरा सैल झाले. दुःखातल्या माणसाकडून कुणी तारखेच्या धाकाने निर्णय घ्यायला लावतं तेव्हा मला फार त्रास होतो.

मग मी एका कागदावर चार चौकोन काढले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं ठरलं आहे. हे तिला ठाऊकच नव्हतं. "म्हणजे माझंही येणार?" दुसऱ्या चौकोनात तिने स्वतःचं नाव लिहिलं. तिसऱ्यात नवऱ्याचं लिहिताना पेन दोनदा थांबलं. आडनाव लिहून झाल्यावर ती पहिल्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिली.

दिरांचा प्रश्न इथेच मिटला. वडिलांची जागा वडिलांचीच. काकाने काका म्हणून शाळेत जावं, त्याने काही कमी होत नाही. त्यांना हे पटायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिच्या आईच्या काळजीत तथ्य होतं. आंध्र प्रदेशातल्या एका विधवेने दुसरं लग्न केल्यावर मुलाच्या नावाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वडील गेल्यावर आई हीच मुलाची नैसर्गिक पालक, आडनाव कोणतं लावायचं हे ती ठरवू शकते. आईच्या नव्या नवऱ्याचा उल्लेख कागदोपत्री 'सावत्र वडील' असा करायला लावणं मुलाच्या मनासाठी जवळजवळ क्रूर आहे, असंही न्यायालय म्हणालं. मी त्या आईंना एवढंच सांगितलं: पुढचं दार बंद होत नाही. पण उद्याच्या लग्नासाठी आज बापाचं नाव गाळलंत, तर मुलगा दहा वर्षांचा झाल्यावर "माझे बाबा कुठे आहेत" हा प्रश्न तुमच्या लेकीलाच विचारणार. त्या गप्प झाल्या. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

खरं काम सासूबाईंबरोबर होतं. त्या एकट्या आल्या. बसल्याबरोबर पिशवीतून रुमालात गुंडाळलेली स्टीलची छोटी वाटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. काठाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं: चि. आणि पुढे त्यांच्या मुलाचं नाव, बारशाची तारीख. घासून घासून तारखेतला एक आकडा पुसट झालेला. "हीच वाटी, हेच नाव. नव्याने काही कोरायलाच नको," त्या म्हणाल्या.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि मला ती आवडते. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, आणि त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी बाजीराव. मधे एक पिढी जाते, आजोबांचं आयुष्य बहुतेक जगून झालेलं असतं, नावातला शोक विरलेला असतो. पण तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या तरुण मुलाचं नाव तान्ह्याला देणं वेगळं. गेलेल्या मुलाच्या जागी वाढवलेल्या मुलांवर अल्बर्ट आणि बार्बरा केन या अभ्यासकांनी १९६४ मध्ये लिहिलं होतं. अशा मुलाला जो आता नाही त्याच्याशी सतत ताडून बघितलं जातं, आणि गेलेला माणूस तर आठवणीत कधीच चुकत नाही. हे सगळं मी काकूंना सांगितलं नाही. शोकात बसलेल्या माणसापुढे अभ्यास मांडू नये.

मी विचारलं, "काकू, हा मोठा होईल. दूध सांडेल, खोटं बोलेल, उलट उत्तर देईल. तेव्हा हेच नाव घेऊन त्याला रागवाल?"

त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "त्याला कसं रागवू हो? त्या दिवशी गाडीवर निघाला तेव्हा रागवूनच बोलले होते मी."

हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढची तीन सत्रं आम्ही नावाबद्दल बोललोच नाही, त्या एका वाक्याबद्दल बोललो.

चौथ्या वेळी मी त्यांना नाशिकच्या पांडवलेण्यांबद्दल सांगितलं. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने आपल्या पराक्रमी मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी दगडात कोरून घेतली आहे. लेख कोरला तेव्हा नातवाच्या राज्याचं १९ वं वर्ष होतं. त्या लेखात ती स्वतःला एका महाराजाची आई आणि एका महाराजाची आजी म्हणवते. मुलगा तिच्या नावाने गौतमीपुत्र, नातू मात्र त्याच्या आईच्या नावाने वासिष्ठीपुत्र पुळुमावी. मुलाची आठवण दगडात राहिली आणि नातवाला त्याचं स्वतःचं नाव मिळालं. "आईचं नाव मधे? असं कुठे असतं का?" म्हणून नाक मुरडणाऱ्या सासऱ्यांनाही काकूंनी घरी जाऊन हीच गोष्ट ऐकवली, असं सून हसत म्हणाली. त्या घरात एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी हसल्याचं माझ्या कानावर आलं.

चार चौकोनांचा कागद सुनेने जपून ठेवला होता. पहिला चौकोन दोघींनी मिळून भरला. सुनेने तीन नावं काढली, त्यातलं एक सासूबाईंनी निवडलं. बारशाला ती जुनी वाटी पाळण्याजवळ ठेवली होती. सहा महिन्यांनी उष्टावणाची खीर तिच्यातूनच भरवली.

नवव्या महिन्याच्या गोवराच्या लसीला आजीच त्याला घेऊन गेल्या. त्यानंतर त्या मला भेटायला आल्या, काही अडचण नव्हती, सांगायचं होतं म्हणून. लसीकरणाच्या खोलीबाहेर खूप गर्दी होती. नर्सने कार्ड हातात घेऊन मोठ्याने पूर्ण नाव पुकारलं, चारही शब्द, एकेक सुटा.

"किती दिवसांनी बाहेरच्या कुणी माझ्या मुलाचं नाव घेतलं, ताई," त्या म्हणाल्या. "मी नुसती बसून राहिले. नर्सने परत पुकारलं. मग उठले आणि म्हटलं, हो, आलो, आलो."