वाचक विचारतात : मुरगावच्या बोटीवर सिनेमा काढणारा इंग्रज

प्रश्न : मुरगाव बंदरातल्या जर्मन बोटींवर इंग्रजी सिनेमा निघाला आणि तो गोव्यातच चित्रित झाला, असं घरची मोठी माणसं सांगतात. खरं आहे का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : खरं आहे. 'द सी वुल्व्ज', १९८०. निर्माता यूअन लॉइड, दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लाग्लेन. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन आणि ट्रेव्हर हॉवर्ड अशी तगडी मंडळी होती. चित्रीकरण गोव्यात आणि दिल्लीत झालं.

मूळ घटना दुसऱ्या महायुद्धातली, मार्च १९४३ ची. गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ, त्यामुळे इंग्रजांना इथे उघड सैन्य पाठवता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतली, वयाने उतरणीला लागलेली माणसं 'फीबी' नावाच्या जुनाट बार्जमधून मुरगावला आली आणि 'एहरनफेल्स' या जर्मन बोटीवर चढली. जर्मन खलाशांनीच आपली बोट बुडवली. पडद्यावरचं रॉजर मूरचं प्रेमप्रकरण मात्र लेखकाची मीठमिरची. त्यावरून इतिहास पाठ करू नका.

प्रश्न : हा लॉइड मूळचा कोण? (मडगाव)

उत्तर : जन्म १९२३, इंग्लंडातल्या रग्बी गावी, निधन २०१६. सुरुवात थिएटरच्या कामापासून, मग सिनेमांच्या प्रसिद्धीचं काम, मग ब्रॉकली-ॲलन या निर्माता जोडीची वॉरविक फिल्म्स ही कंपनी. १९६८ मध्ये शॉन कॉनरी आणि ब्रिजित बार्दो यांना घेऊन 'शालाको' काढला. वेस्टर्न सिनेमा, पण चित्रीकरण स्पेनमध्ये. १९७८ चा 'द वाइल्ड गीज' सगळ्यात गाजला. त्याचाच दिग्दर्शक, पटकथाकार रेजिनल्ड रोझ, संगीतकार रॉय बड आणि रॉजर मूर गोव्याच्या सिनेमातही आहेत. जमलेली टोळी त्याने मोडली नाही.

प्रश्न : मोठ्या स्टुडिओच्या पदराखाली न जाता त्याने पैसा कसा उभा केला? आम्ही चार मित्र छोटा सिनेमा करतोय, आम्हाला जमेल का? (फोंडा)

उत्तर : 'वाइल्ड गीज' त्याने बनण्याआधीच विकला. हातात पटकथा आणि नटांची नावं, एवढ्यावर देशोदेशींच्या वितरकांशी करार केले. याला प्री-सेल म्हणतात. हल्ली सर्रास चालतं, तेव्हा नवलाईचं होतं.

हिशेब असा. समजा एका प्रदेशातल्या वितरणाचे हक्क ६० लाखांना ठरले आणि सहीवर २० टक्के मिळाले, तर हातात १२ लाख. उरलेले ४८ लाख सिनेमा तयार करून सुपूर्द केल्यावर. पण शूटिंगला पैसा आज हवा. म्हणून तो करार बँकेकडे किंवा फायनान्सरकडे तारण ठेवायचा. ते व्याज आणि फी आधीच कापून घेतात, तेव्हा बजेटमध्ये ४८ लाख लिहाल तर तिथेच फसाल. शिवाय सिनेमा पुरा होईलच याची हमी मागतात आणि अडीअडचणीला बजेटच्या साधारण १० टक्के रक्कम बाजूला ठेवायला लावतात.

गाडी अडते ती बहुधा सुपूर्द करताना. वितरक नुसती प्रत घेत नाही. कथेच्या हक्कांची कागदपत्रं, प्रत्येक गाण्याची परवानगी आणि संवाद वगळून संगीत व आवाजांचा वेगळा ट्रॅक लागतो. जेटीवर ट्रॉलरच्या इंजिनासकट संवाद ध्वनिमुद्रित केलात, तर इंजिन आणि संवाद वेगळे करता येत नाहीत आणि दुसऱ्या भाषेतलं डबिंग अडतं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी नट गप्प असताना निदान एक मिनिट नुसता परिसराचा आवाज घ्या. इंजिन, लाटा, दोरखंड वेगवेगळे टिपा.

दुसरा धोका, घेणाराच बुडण्याचा. 'वाइल्ड गीज'चा अमेरिकेतला वितरक अलाइड आर्टिस्ट्स १९७९ मध्ये दिवाळखोरीत गेला. इतरत्र उत्तम चाललेल्या सिनेमाला तिथे मार बसला. तेव्हा सगळे हक्क एकाच गिऱ्हाइकाला देऊ नका.

तुम्हाला जमेल का? खरं सांगायचं तर अनोळखी नट असतील तर प्री-सेल जवळजवळ मिळत नाही. लॉइडने विकली ती रिचर्ड बर्टन, रॉजर मूर, रिचर्ड हॅरिस ही नटांची नावं. तुम्ही आधी दहा मिनिटांचा नमुना शूट करा आणि तो दाखवा. इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार, म्हणजे सिनेमावाले आणि खरेदीदार यांचा मेळा, इथे गोव्यातच भरतो, २००७ पासून; आता त्याला वेव्ह्ज फिल्म बाजार म्हणतात. दोन पानी सारांश, बजेट आणि वेळापत्रक घेऊन जा. 'कथा सांगतो' म्हणून बसलात तर समोरचा घड्याळ बघेल.

प्रश्न : बंदराचं दृश्य कधी घ्यावं? (सावंतवाडी)

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनपासून समुद्र खवळतो आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असल्याने सगळे ट्रॉलर जेटीला लागलेले असतात. त्या गर्दीत रिकामं पाणी दिसायचं नाही. गोवा मनोरंजन सोसायटीकडे अर्ज केलात तरी बंदर प्राधिकरणाची परवानगी वेगळी लागेल, ती आधी विचारा.