‘सेपरेशन’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? समानार्थी शब्द कोणते?

मी कोल्हापुरात कोर्टाजवळ अर्ज टाइप करून देतो, इंग्रजी कागद वाचून सांगतो. त्यामुळं तुम्ही विचारलेला हा शब्द माझ्या रोजच्या कामातला.

‘विभक्त होणे’ हा डिक्शनरीतला अर्थ बरोबरच आहे. पण कोण कुणापासून तुटतंय हे बघितल्याशिवाय मराठी शब्द ठरवू नका. भाऊ वेगळे निघाले की वेगळी चूल, रान वाटलं की वाटणी. तिला इंग्रजीत पार्टिशन म्हणतात. 1731 च्या वारणेच्या तहात सातारा आणि कोल्हापूर या गाद्यांचं झालं तेही वाटणीच. मायलेकरांची ताटातूट होते, प्रेमात विरह, माणूस गेला की वियोग. मनं फाटली की दुरावा, म्हणजे एस्ट्रेंजमेंट. गुऱ्हाळात उकळत्या रसात भेंडीचं पाणी सोडून वर आलेली मळी काढतात, तेही सेपरेशनच. पण तिथं ‘विलगीकरण’ म्हणालात तर गुळव्या हसेल.

खरा घोळ नवरा-बायकोच्या कागदात होतो. फारकत, काडीमोड, घटस्फोट म्हणजे डिव्होर्स. सेपरेशन म्हणजे ते नव्हे. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 10 मधलं ज्युडिशियल सेपरेशन म्हणजे न्यायिक विभक्तता: एकत्र नांदायचं बंधन सुटतं, लग्न मात्र कायम. दुसरं लग्न करता येत नाही. हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र नांदले नाहीत, तर त्या कारणावर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो. म्हणून फॉर्मवर ‘विभक्त’ आणि ‘घटस्फोटित’ यांतलं एक निवडताना जपून.

आणि एक अर्थ मला मागच्या वर्षी एका मावशींमुळं पक्का कळला. मुलाच्या कंपनीचं पत्र घरी आलेलं, शेजारच्या पोरीनं त्यातला ‘सेपरेशन’ तेवढा वाचून दाखवलेला. मावशी पदर डोळ्याला लावूनच आल्या. “सुनंनं सोडलं व्हय माझ्या पोराला?”

पत्रात होतं ‘डेट ऑफ सेपरेशन’. कंपनीच्या भाषेत नोकरीतला शेवटचा दिवस. सून नांदतीय, पोरानं राजीनामा दिलाय, असं मी सांगितलं. मावशी हसल्या, देवाला हात जोडले, पिशवीतनं पैसे काढायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

“म्हंजे नोकरी सोडली?”

पदर परत डोळ्याला.