चेन निसटल्यावर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सायकल शर्यतीत आघाडीची जर्सी अंगावर, चढाचा सगळ्यात तीव्र भाग, गिअर बदलताना चेन निसटली, आणि तू ती बसवेपर्यंत मागच्या दोघी निघून गेल्या. जर्सीही त्यांच्याबरोबर गेली. शर्यत संपल्यावर त्यांनी हात पुढे केला तेव्हा तू तोंड फिरवलंस, हेही लपवलं नाहीस. लिहिलंस ते बरं केलंस. ‘सर, त्यांनी थांबायला नको होतं का?’ असं तू विचारतेस. हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येईल, पण तेवढ्याने तुझं समाधान होणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या डोळ्यांसमोर कोणतं दृश्य आहे, ते मला ठाऊक आहे. २१ जुलै २०२२, टूर द फ्रान्सचा अठरावा टप्पा, लूर्द ते ओताकाम. सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी डेन्मार्कच्या जोनास विंगेगार्डकडे होती. आधीच्या दोन्ही वर्षी टूर जिंकलेला स्लोव्हेनियाचा तादेज पोगाचार २ मिनिटं १८ सेकंद मागे होता आणि पिरेनीजमधला तो शेवटचा दिवस. स्पांडेलच्या चढावर पोगाचारने पुन्हा पुन्हा जोर लावून पाहिला, विंगेगार्ड चाक सोडेना. म्हणून पोगाचार उतारावरही तसाच सुटला. आधी विंगेगार्डचंच मागचं चाक सरकलं, पाय पेडलवरून सुटला, पण तो कसाबसा सावरला. थोड्याच वेळात एका वळणावर पोगाचार रस्त्याच्या कडेच्या खडीत गेला आणि आडवा झाला.

तो उठला, सायकलवर बसला. पुढे विंगेगार्ड पेडल मारायचं सोडून मागे वळून बघत होता. जोर लावला असता तर शर्यत तिथेच संपवता आली असती. तो वेग कमी करून वाट बघत राहिला. पोगाचार शेजारी आला तेव्हा मांडीवरचा कपडा फाटलेला होता, खाली कातडी सोललेली. त्याने हात लांब केला आणि चालत्या सायकलींवरच दोघांनी क्षणभर हात मिळवले.

हात कोणी पुढे केला, ते लक्षात घे. पडलेल्याने.

बहुतेक लोक ही गोष्ट इथेच संपवतात. मला पुढचा तास जास्त महत्त्वाचा वाटतो. ओताकामच्या चढावर विंगेगार्डचा सहकारी वाऊट व्हान आर्ट, जो त्या दिवशी मुख्य जथ्याआधी सुटलेल्या गटात (ब्रेकअवेमध्ये) पुढे होता, त्याने असा वेग धरला की शेवटचे चार-पाच किलोमीटर उरले असताना पोगाचारचा धागा तुटला. विंगेगार्ड एकटा वर गेला, टप्पा जिंकला आणि पोगाचारवर आणखी १ मिनिट ४ सेकंद मिळवले. उतारावर वाट पाहणारा आणि चढावर कणभरही दया न दाखवणारा माणूस एकच आहे, आणि त्यात मला काहीही विसंगती दिसत नाही. त्याला पोगाचारला हरवायचं होतं. खडीने हरवलेला पोगाचार त्याच्या काय कामाचा?

आता दुसरी बाजू. पोगाचार ती टूर स्पांडेलच्या खडीत हरला का? तर नाही. ती तो आठ दिवस आधी, १३ जुलैला ग्रानोंच्या घाटात हरला होता. त्या दिवशी विंगेगार्डच्या संघाने गालिबिएच्या वाटेवर डाव टाकला. एकदा विंगेगार्डचा सहकारी रोग्लिच सुटायचा, एकदा स्वतः विंगेगार्ड. पोगाचार प्रत्येकाच्या मागे स्वतः धावला. पिवळी जर्सी त्याच्याकडे होती, तरुण होता, आपण सगळ्यांना पुरून उरू असं त्याला वाटलं असावं. शेवटच्या चढावर पाय संपले. एका दुपारी २ मिनिटं ५१ सेकंद गेले. टूर संपते त्या पॅरिसला पोहोचल्यावर दोघांमधलं अंतर होतं २ मिनिटं ४३ सेकंद. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की पडण्याची गोष्ट बाजूला होते आणि ग्रानोंचा घाट समोर येतो. पोगाचारला हे कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. खडीकडे बोट दाखवायची सोय असताना त्याने ती वापरली नाही, याचं मला त्या हस्तांदोलनाइतकंच कौतुक आहे.

थांबण्याबद्दल मात्र तुला एक कडू गोष्ट सांगायला हवी. थांबण्याची सक्ती नियमांच्या पुस्तकात कुठेही नाही. सपाट टप्प्याच्या शेवटच्या ठरावीक, साधारणपणे तीन, किलोमीटरमध्ये पडलीस किंवा सायकल बिघडली, तर तुला तुझ्या गटाचाच वेळ मिळतो. पण डोंगरमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्याला तेवढंही संरक्षण नसतं. बाकी सगळी पेलोटनमधली, म्हणजे स्वारांच्या मुख्य जथ्यातली, रीत आहे, आणि रीत कधी पाळली जाते, कधी नाही.

२०१० ची टूर बघ. दुसऱ्या टप्प्यात, स्पा गावाकडे जाताना, तेलकट निसरड्या उतारावर निम्मं पेलोटन घसरलं, त्यात विजेतेपदाचा दावेदार अँडी श्लेकही होता. त्याचा सहकारी फाबियान कान्सेलारा पिवळ्या जर्सीत होता. त्याने सगळ्यांना वेग कमी करायला लावला, पडलेले परत येऊ दिले आणि त्यापायी स्वतःची पिवळी जर्सी गमावली. किती सुंदर, असं वाटतं ना? दुसऱ्याच दिवशी दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर अँडीचा भाऊ फ्रांक पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, मागे सगळी पांगापांग झाली. आणि पुढे तोच कान्सेलारा अँडीला मागे घेऊन सुसाट निघाला. अँडीचा मुख्य प्रतिस्पर्धी अल्बर्टो कॉन्टाडोर मागे अडकला आणि त्याचा मिनिटभराहून जास्त वेळ गेला. त्या दिवशी कोणी थांबलं नाही.

मग पंधरावा टप्पा, पोर द बालेसचा चढ. पिवळी जर्सी आता अँडीकडे. त्याने स्वतः हल्ला केला आणि त्याच क्षणी त्याची चेन निसटली. अगदी तुझ्यासारखंच. कॉन्टाडोर आणि आणखी दोघं पुढे गेले ते गेलेच. टप्प्याअखेर ३९ सेकंद गेले, पिवळी जर्सी कॉन्टाडोरला मिळाली आणि मंचावर त्याच्यावर हुर्यो झाली. संध्याकाळी त्याने व्हिडिओ काढून माफी मागितली. पॅरिसलाही दोघांमधलं अंतर ३९ सेकंदच होतं. (पुढे २०१२ मध्ये उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात कॉन्टाडोरचं ते विजेतेपद काढून अँडीला दिलं गेलं. पण ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याने आपला प्रश्न सुटत नाही.)

माझं मत विचारशील तर कॉन्टाडोरने थांबायला हवं होतं. पिवळी जर्सी यंत्राच्या बिघाडाने अडकली आहे हे कळल्यावर वेग कमी करण्यात त्याचं फार काही जाणार नव्हतं. पण अँडीनेही त्या दिवसानंतर काय केलं, ते पाहिलंच पाहिजे. सूड उगवणार असं तो रागाने बोलून गेला. तीन दिवसांनी तूरमालेच्या चढावर त्याने जीव तोडून प्रयत्न केला. टप्पा जिंकला, पण कॉन्टाडोर शेवटपर्यंत त्याच्या चाकाला चिकटून होता. एक सेकंदही सुटला नाही. राग खरा होता, कारणही रास्त होतं, तरी पाय तेवढेच होते. शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या टप्प्यात, तर आणखी वेळ गेला. चेनवर अँडीचा हक्काचा राग होता, आणि तरीही ती टूर फक्त चेनने गेली असं मला म्हणवत नाही.

तुझ्या अगदी जवळचं उदाहरण २०२४ च्या महिलांच्या टूरमधलं. आदल्या वर्षीची विजेती डेमी फॉलेरिंग पिवळ्या जर्सीत होती. पाचव्या टप्प्यात, शेवट सहाएक किलोमीटरवर आलेला असताना, ती पडली. पुढच्या मुली वेगाने रेषेकडे निघाल्या होत्या, कोणी थांबलं नाही, आणि मला वाटतं तिथे थांबणं अपेक्षितही नव्हतं. त्या वेगात, एवढ्या गर्दीत, कोण पडलं हेसुद्धा सगळ्यांना कळत नाही. जर्सी काशा निएवियादोमाकडे गेली. फॉलेरिंग तिच्यापेक्षा १ मिनिट १९ सेकंद मागे पडली.

मग शेवटचा दिवस, आल्प द्युएझ. वाटेत ग्लांदोंच्या घाटातच फॉलेरिंग सुटली. पाउलिना रोयाकर्स तेवढी तिच्याबरोबर राहिली. मागे निएवियादोमाचे पाय जड झाले होते, पण खोऱ्यात उतरल्यावर ती सावरली. शेवटच्या चढावर वर फॉलेरिंग आणि खाली निएवियादोमा, मध्ये नुसतं घड्याळ. फॉलेरिंगने टप्पा जिंकला आणि टूर चार सेकंदांनी हरली. पुरुषांच्या टूरमध्येही इतकं कमी अंतर कधी झालेलं नाही. तिथला नीचांक १९८९ चा, आठ सेकंदांचा.

चार सेकंद! तू तिच्या जागी असतीस तर आयुष्यभर त्या पडण्याकडे बोट दाखवलं असतंस, आणि कोणी तुला दोषही दिला नसता. पण निएवियादोमाकडेही बघ. ग्लांदोंवर मागे पडली, तरी शेवटच्या रेषेपर्यंत सेकंद सेकंद धरून बसली. ते चार सेकंद तिने राखले. प्रतिस्पर्ध्याच्या कष्टांना ‘माझ्या अपघाताचा फायदा’ असं नाव देणं, यापासून तुला मी वाचवू पाहतोय. तुझ्या पत्रात त्या दोघींचा उल्लेख फक्त ‘निघून गेल्या’ एवढाच आहे. त्या किती चांगल्या चालल्या, याबद्दल एक ओळ नाही.

मोठे खेळाडूसुद्धा कोसळतात, तेही बघून ठेव. २०२३ च्या एप्रिलमध्ये पोगाचारचं मनगट मोडलं होतं, तरी तो जुलैत टूरला उभा राहिला. कोल द ला लोझच्या चढावर त्याने रेडिओवर सहकाऱ्यांना सांगून टाकलं की मी संपलो. त्या एका दिवसात विंगेगार्डने त्याच्यावर पावणेसहा मिनिटं मिळवली. तीन दिवसांनी ल मार्कश्टाइनला त्याने टप्पा जिंकला. टूर तेव्हा केव्हाच हातातून गेली होती. आणि २०२५ मध्ये तुलुझला, टप्पा संपता संपता दुसऱ्या स्वाराच्या चाकाला लागून तो पडला तेव्हा विंगेगार्डसकट पुढच्या गटाने वेग कमी केला. पोगाचारने त्यांचे जाहीर आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओताकामवर विंगेगार्डला २ मिनिटं १० सेकंदांनी मागे टाकलं. उपकार झाले म्हणून त्याने एक पेडलही हळू मारलं नाही. विंगेगार्डलाही ते आवडलं नसतं.

आता तुझं. त्या शर्यतीत गेलेले सेकंद दोन भागांत मांड. चेन बसवताना किती गेले, आणि चेन बसल्यावर किती. माझा अंदाज आहे की दुसरा आकडा मोठा निघेल, कारण तू लिहिलंयस की सायकलवर बसल्याबरोबर तू उभी राहून जीव खाऊन पेडल मारलंस. तीव्र चढावर दोन मिनिटं तसं केलं की पुढची दहा मिनिटं त्याची किंमत मोजावी लागते. दरी एका दमात भरायची नसते. बसून, श्वास जागेवर आणून, ती थोडी थोडी कमी करत जायची.

चेनचंही बघू. पूर्ण जोर लावलेला असताना पुढची चकती बदलू नकोस. चढ तीव्र व्हायच्या आधीच, जोर क्षणभर हलका करून, लहान चकतीवर ये. चेन आतल्या बाजूला पडलीच तर लगेच उतरायची घाई नको. वेग असेल तर गिअर मोठ्या चकतीकडे टाकून पेडल हलकेच फिरव, पुष्कळदा ती आपली आपण वर चढते. आणि चेन कॅचर बसवून घे, चेन आत पडू न देणारा छोटासा तुकडा असतो, मेकॅनिकला सांग. यातलं काही नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही, हे तुला पटेल.

त्या दोघींनी थांबायला हवं होतं का? एकीने तरी वेग कमी केला असता तर मला तिचा आदर वाटला असता. पण मागून येणाऱ्याला पुढच्याची चेन पडली की पाय संपले, हे तीव्र चढावर पटकन कळत नाही, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनी नंतर तुझ्याकडे येऊन हात पुढे केला, हे मला पुरेसं आहे.

शनिवारी त्याच दोघी पुन्हा स्टार्टला असतील. शर्यत सुरू व्हायच्या आधी जा, नाव घेऊन अभिनंदन कर, आणि मागच्या वेळी हात दिला नाही त्याबद्दल एक वाक्य बोल. स्पष्टीकरण देऊ नकोस, चेनचा विषय काढू नकोस. मग पहिल्या चढावर त्यांना मागे टाकायचा प्रयत्न कर, अगदी मनापासून. गुडघ्यावरची जखम रोज रात्री धुऊन मलमपट्टी बदल आणि शुक्रवारी तासभर हलकंच चालव, जास्त नको. निकाल काहीही लागो, रात्री फोन कर.

तुझे
सर