सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा ताकसिन कोण होता आणि त्याने कोणत्या मोहिमा केल्या?

चिनी पित्याच्या पोटी 1734 मध्ये जन्मलेला ताकसिन मुळात अयुथ्थयाच्या राज्यातील ताक प्रांताचा अधिकारी होता. ताकसिन हे नाव त्यावरूनच पडले. एप्रिल 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने राजधानी अयुथ्थया जाळून बेचिराख केली, परंतु त्याआधीच तो मोजक्या साथीदारांसह वेढा फोडून पूर्व किनाऱ्याकडे निसटला होता. चंथाबुरीवर हल्ला करण्यापूर्वी त्याने सैनिकांना जेवण उरकून स्वयंपाकाची मडकी फोडायला लावली, म्हणजे पुढचे जेवण एकतर जिंकलेल्या शहरात किंवा कुठेच नाही, असे सांगितले जाते. शहर त्याच रात्री पडले.

तेथे जहाजे बांधून तो चाओ फ्राया नदीतून वर आला आणि नोव्हेंबरमध्ये, म्हणजे राजधानी पडल्यानंतर अवघ्या सात महिन्यांत, त्याने ब्रह्मी ठाणे उठवले. उद्ध्वस्त अयुथ्थया सोडून त्याने थोनबुरी येथे राजधानी वसवली. पुढे फुटीर सरदार नमवून 1775 मध्ये उत्तरेकडील चियांग माई शहर घेतले आणि 1779 मध्ये त्याच्या सेनापतींनी लाओसमधील व्हिएन्टियानहून पाचूची बुद्धमूर्ती आणली. माझ्या मते चियांग माईपेक्षा 1767 चीच मोहीम अधिक थक्क करणारी आहे. 1782 मध्ये बंड होऊन तो पदच्युत झाला. त्याचाच सेनापती चक्री गादीवर आला आणि ताकसिनला देहदंड देण्यात आला.