पाऊस हटला तेव्हा त्यांनी काय पेरलं?

प्रश्न : चार हजार वर्षांपूर्वी हवामान एकाएकी बदललं आणि सिंधू संस्कृती संपली, असं मुलीच्या पुस्तकात आहे. मग माणसं गेली कुठे? (वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : माणसं कुठेही नाहीशी झाली नाहीत, शहरं ओस पडली. मेघालयातल्या मॉम्लू गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यानं चुन्याचे खांब वाढतात. पाऊस घटला की त्यांच्या थरांत जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच, पण जास्त वजनाचा अणू) वाढतो. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या (इ.स.पू. २२०० च्या आसपासच्या) थरात तो चढलेला दिसतो. शहरं मात्र इ.स.पू. १९०० च्या सुमारास रिकामी झाली. मधली तीनशे वर्षं पाहिली की एका दुष्काळात सगळं बुडालं, हे पटत नाही. पुढे पूर्वेकडे छोटी खेडी वाढली. गहू-जवाबरोबर भात, बारीक तृणधान्यं, मूग, कुळीथ अशी खरिपाची पिकं होती. हरियाणातल्या मसूदपूरसारख्या खेड्यांत ती आधीपासूनच पेरली जात.

हे कळतं चुलीजवळच्या मातीवरून. माती पाण्यात ढवळली की जळलेले दाणे वर तरंगतात. ते अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक चाळणीत धरायचे. चाळणी जाड असली की गहू राहतो, राळ्यासारखं बारीक तृणधान्य निसटतं, आणि अहवालात ते लोक गहूच खाणारे ठरतात! उलट नुसते दाणे मोजले तर राळा भाव खातो : त्याचे शंभर दाणे वजनात गव्हाच्या दहालाही भारी पडत नाहीत.

आपल्याकडे शिरूरजवळच्या इनामगावात इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शिकार आणि शेळ्या-मेंढ्यांवर भर वाढला. उत्खनन करणाऱ्यांनी कोरड्या हवामानाकडे बोट दाखवलं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही.

प्रश्न : भंडारा-गोंदियातले मामा तलाव हा असाच उपाय होता का? (वाचक, सक्करदरा)

उत्तर : अर्धाच. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. पाळ म्हणजे मातीचा बांध, पाणी सोडायचं तुडुम आणि जादा पाणी जाऊ देणारा सांडवा, एवढी ती रचना. भात निसवताना पावसानं दोन-तीन आठवडे दडी मारली तर तलाव पीक तारतो. सांडवा बुजला की पाणी पाळीवरून जातं, आणि मातीची पाळ तिथेच फुटते. लागोपाठ दोन-तीन पावसाळे कोरडे गेले तर मात्र तलावच भरत नाही. तेव्हा पीक बदलणं किंवा गाव सोडणं, एवढंच उरतं.